नोंदलेला दोषच दुरुस्त होतो : कीड सर्वेक्षणातील मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आणि आवृत्तीची शिस्त

भाताच्या बांधीत उतरून पाच चुडांवरील तपकिरी तुडतुडे मोजले, असे समजू. उदाहरणादाखल नोंदी अशा : १२, १५, ८, नाही, २०. चौथ्या चुडावर एकही तुडतुडा आढळला नाही, म्हणून निरीक्षकाने तेथे ‘नाही’ असे लिहिले. बेरीज ५५, सरासरी प्रति चूड ११. प्रति चूड १० तुडतुडे ही सर्वसाधारणपणे वापरली जाणारी आर्थिक नुकसानीची पातळी लक्षात घेता येथे उपाययोजनेचा सल्ला देणे आवश्यक ठरते.

आता याच पाच नोंदी संगणकात इंग्रजी अंकांत भरून ‘आर’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या २०२० पूर्वीच्या आवृत्तीत वाचल्या आणि तो स्तंभ संख्येत बदलण्याची साधी आज्ञा दिली, तर उत्तर वेगळे येते. सरासरी ११ ऐवजी ३ निघते. २० तुडतुड्यांचा चूड ३ दाखवतो, १५ चा चूड २ दाखवतो, आणि ज्या चुडावर काहीच नव्हते तेथे ५ तुडतुडे उमटतात. संगणक कोणतीही सूचना देत नाही. पत्रकावर आकडे नीटनेटके दिसतात आणि शेतकऱ्याला ‘सध्या फवारणीची गरज नाही’ असा संदेश जातो. तुडतुड्यांनी जळालेले गोल चट्टे शेतात दिसू लागेपर्यंत ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

असे का घडते? स्तंभात एकही शब्द आढळला, की जुनी आवृत्ती संपूर्ण स्तंभाला मजकूर समजत असे, त्यातील नोंदी वर्णानुक्रमे लावत असे आणि प्रत्येक नोंदीला १, २, ३ असा आतील क्रमांक देत असे. वर्णानुक्रमात १२, १५, २०, ८ आणि शेवटी ‘नाही’ असा क्रम लागतो. संख्येत रूपांतर करताना मूळ संख्या बाजूला राहून हे आतील क्रमांकच हाती येतात. एप्रिल २०२० मध्ये प्रसृत झालेल्या ४.०.० या आवृत्तीने हा पूर्वापार चालत आलेला नियम बदलला. आता तोच स्तंभ साधा मजकूर म्हणून राहतो, रूपांतर करताना ‘नाही’ च्या जागी रिक्त मूल्य येते आणि तशी सूचनाही पडद्यावर उमटते. चूक लपत नाही, समोर येते. मात्र आपल्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आपले उत्तर ११ आहे की ३, हे सांगता येणार नाही.

रायपूरचा धडा : किडीलाही आवृत्ती असते

छत्तीसगड हा ‘धान का कटोरा’ म्हणून ओळखला जाणारा प्रदेश. रायपूर येथे १९८७ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे. शहरालगत बरोंडा येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय जैविक तणाव व्यवस्थापन संस्था असून तिचा नवा परिसर २८ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. सीमेपलीकडच्या गोंदिया, भंडारा, गडचिरोली या भातपट्ट्याशी या भागाचे पीक आणि किडी या दोन्ही बाबतींत जवळचे नाते आहे. विदर्भातील शेतकरी जिला गादमाशी म्हणतो, तिलाच छत्तीसगडचा शेतकरी ‘गंगई’ म्हणतो.

या गादमाशीचा अभ्यास करणाऱ्याला आवृत्ती क्रमांकाचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भारतात तिचे सात जैवप्रकार नोंदले गेले आहेत. दिसायला माशी तीच, नुकसानीचे लक्षण म्हणजे चंदेरी पोंगाही तोच. परंतु कोणता वाण तिला दाद देईल आणि कोणता बळी पडेल, हे जैवप्रकारानुसार बदलते. रायपूर भागातील गादमाशी जैवप्रकार १ म्हणून ओळखली गेली आहे. येथे प्रतिकारक ठरलेला वाण दुसऱ्या जैवप्रकाराच्या प्रदेशात तसाच टिकेल, याची शाश्वती नसते. त्यामुळे ‘अमुक वाण गादमाशीस प्रतिकारक’ हे विधान जैवप्रकाराच्या उल्लेखाशिवाय अपुरे ठरते. ‘हे विश्लेषण आरमध्ये केले’ हे विधानही आवृत्तीच्या उल्लेखाशिवाय तितकेच अपुरे असते.

नोंदवहीतील पतंग

संगणकातील दोषाला ‘बग’ म्हणण्याची प्रथा कीटकशास्त्रज्ञांना आपलीशी वाटावी अशीच आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या गणनयंत्रातील एका रिलेमध्ये अडकलेला पतंग तंत्रज्ञांना सापडला. त्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला आणि प्रत्यक्ष ‘बग’ सापडल्याचे हे पहिलेच उदाहरण असल्याची मिस्कील टीपही लिहिली. यंत्रातील दोषासाठी हा शब्द त्याआधीच रूढ होता. एडिसनच्या १८७८ मधील पत्रातही तो आढळतो. ती नोंदवही आज अमेरिकेच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे. शास्त्रीय काटेकोरपणे पाहिल्यास पतंग हा ‘बग’ नव्हेच. कीटकशास्त्रात ही संज्ञा ढेकूण, तुडतुडे यांच्या गणासाठी राखीव आहे. पाच चुडांवरील तपकिरी तुडतुडा मात्र अस्सल ‘बग’ गणातला.

या प्रसंगातील महत्त्वाची गोष्ट पतंग ही नसून त्याची नोंद ही आहे. तारीख, वेळ, यंत्राचा भाग आणि प्रत्यक्ष नमुना या चारही गोष्टी एका पानावर होत्या. कीटकसंग्रहालयात टाचणीला लावलेल्या कीटकाखाली स्थळ, दिनांक, यजमान वनस्पती आणि संग्राहक यांची चिठ्ठी नसेल, तर तो नमुना कितीही सुंदर असला तरी अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. सॉफ्टवेअरमधील दोषालाही हाच नियम लागू आहे.

मुक्त स्रोत : उघडी नोंदवही

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संकेतावली कोणालाही वाचता, वापरता, सुधारता आणि वाटता येते, त्याला मुक्त स्रोत म्हणतात. आर हे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केलेले सॉफ्टवेअर याच परंपरेतील. नकाशांसाठी वापरले जाणारे क्यूजीआयएस गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केले. मोबाईलवर, इंटरनेट नसतानाही क्षेत्रीय नोंदी घेता येणाऱ्या ओडीके या संचाची सुरुवात २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात झाली.

अशा प्रकल्पांत मूळ संकेतावलीइतकीच मोलाची असते ती दोष आणि सुविधांची सार्वजनिक नोंदवही. तिच्यात मुख्यतः दोन प्रकारच्या नोंदी येतात. सॉफ्टवेअर अपेक्षेप्रमाणे चालत नाही, ही दोषाची नोंद; सॉफ्टवेअरमध्ये अमुक सोय असावी, ही सुविधेची मागणी. प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक मिळतो. मग ती नोंद खरी आहे का, दुसऱ्या संगणकावरही तोच दोष दिसतो का, ती पूर्वीच कोणी केली आहे का, तिची गंभीरता किती, हे तपासले जाते. दुरुस्ती झाली की तिची चाचणी होते आणि कोणत्या आवृत्तीत ती समाविष्ट झाली, हे त्या आवृत्तीच्या बदलसूचीत नमूद केले जाते. शेवटी नोंद बंद होते, परंतु पुसली जात नाही. वर्षांनंतर तोच दोष पुन्हा उद्भवला, तर जुना इतिहास हाताशी असतो.

कीड सर्वेक्षणाची साखळी याहून वेगळी नाही. खरीप २००८ मध्ये महाराष्ट्रात सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. ठरावीक गाव, ठरावीक शेत, ठरावीक पद्धतीने मोजणी, त्या नोंदींची छाननी आणि मग सल्ला, हा त्याचा गाभा. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीचा आरंभ केला. निरीक्षण डोळ्यांनी होत असले तरी सल्ल्यापर्यंतचा प्रवास आता सॉफ्टवेअरमधूनच होतो. म्हणून पिकावरील किडीइतकेच लक्ष सॉफ्टवेअरमधील ‘किडी’वर ठेवणे, हा आता वनसंरक्षणाइतकाच रोजच्या पीक संरक्षणाचाही भाग झाला आहे.

बदलसूची वाचण्याचे मोल

नव्या आवृत्तीसोबत येणारी बदलसूची बहुतेक जण न उघडताच पुढे जातात. आरच्या आणखी दोन आवृत्त्यांवरून त्याचे परिणाम समजून घेता येतील.

पहिले उदाहरण प्रयोगाच्या आराखड्याचे. यादृच्छिक गट रचनेत कोणत्या वाफ्याला कोणती प्रक्रिया द्यायची, हे संगणकाकडून सोडत काढून ठरवतात. सोडत पुन्हा जशीच्या तशी मिळावी म्हणून एक प्रारंभिक अंक, ज्याला ‘सीड’ म्हणतात, नोंदवून ठेवण्याची पद्धत आहे. जुन्या सोडत पद्धतीत मोठ्या समूहातून निवड करताना सर्वांना अगदी समान संधी मिळत नाही, हा दोष केली ओटोबोनी आणि फिलिप स्टार्क या संशोधकांनी २०१८ मध्ये पुढे आणला. एप्रिल २०१९ मधील ३.६.० या आवृत्तीत पद्धत सुधारण्यात आली. सुधारणा योग्यच होती. मात्र तिचा परिणाम असा, की तोच प्रारंभिक अंक दिला तरी जुन्या आणि नव्या आवृत्तीत सोडत वेगळी निघू शकते. २०१८ मध्ये शेतात आखलेला आराखडा कागदावरून हरवला आणि २०२० मध्ये तो त्याच अंकावरून पुन्हा काढला, तर तिसऱ्या वाफ्याची प्रक्रिया पाचव्या वाफ्याच्या नावावर जाण्याचा संभव आहे. जुनी सोडत मिळवण्याची सोय आरमध्ये ठेवलेली आहे. पण मूळ आराखडा कोणत्या आवृत्तीत काढला, हे लिहून ठेवले असेल तरच तिचा उपयोग.

दुसरे उदाहरण मराठीचे. विंडोजवर चालणारी आरची जुनी आवृत्ती देवनागरी मजकुराशी अनेकदा अडखळत असे. ‘भंडारा’ या नावाच्या जागी कोनी कंसांतील सांकेतिक खुणा उमटत. गावाच्या नावावरून दोन तक्ते जोडताना काही गावे जुळत नसत आणि अंतिम यादीतून गळून पडत. यावर उपाय म्हणून अनेकांनी गावांची नावे इंग्रजी लिपीत लिहिण्याची सवय लावून घेतली. परंतु एकच गाव तीन जणांनी तीन स्पेलिंगांनी लिहिले, की पुन्हा तोच घोळ. एप्रिल २०२२ मधील ४.२.० या आवृत्तीपासून विंडोज १० च्या अलीकडील आवृत्त्यांवर आर यूटीएफ-८ ही सर्व लिप्यांना सामावणारी पद्धत मुळापासून वापरू लागले. ज्यांनी ही बदलसूची वाचली नाही, ते आजही गरज नसताना गावांची नावे रोमनमध्ये लिहीत असतील.

एक मर्यादा मात्र कायम आहे. देवनागरी अंक आरमध्ये आपोआप संख्या म्हणून वाचले जात नाहीत. पत्रक मराठीत असले तरी मोजणीचे आकडे संगणकात इंग्रजी अंकांतच भरावेत.

नकाशा आणि मोबाईलवरील प्रपत्र

क्यूजीआयएसचा उपयोग आता केवळ संशोधन संस्थांपुरता राहिलेला नाही. महाराष्ट्रातील १५ जिल्ह्यांतील ५,१४२ गावांसाठी आखलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पाण्याच्या ताळेबंदासाठी आयआयटी मुंबईने तयार केलेल्या पद्धतीत क्यूजीआयएसचा आधार घेण्यात आला. अशा कामासाठी मूळ सॉफ्टवेअरला जोडणारे छोटे पूरक भाग, म्हणजे प्लगइन, लिहिले जातात. मूळ सॉफ्टवेअर बदलले की पूरक भागांचे काय होते, याचा अनुभव जगभरच्या वापरकर्त्यांना फेब्रुवारी २०१८ मध्ये आला. क्यूजीआयएस ३.० ही आवृत्ती पायथन संगणकभाषेच्या नव्या पिढीवर उभारली गेली आणि २.१८ साठी लिहिलेले प्लगइन तसेच्या तसे चालेनासे झाले. ते नव्याने जुळवून घ्यावे लागले.

क्यूजीआयएसची नवी आवृत्ती साधारणतः दर चार महिन्यांनी येते. त्याखेरीज वर्षातून एक आवृत्ती दीर्घकालीन आधाराची म्हणून जाहीर होते; तिच्यात नव्या सुविधा न घालता केवळ दोष दुरुस्त केले जातात. नव्या सुविधांचे आकर्षण असले तरी क्षेत्रीय कामासाठी हीच आवृत्ती हितकर. पीक उभे असताना कोणी वाण बदलत नाही. हंगाम चालू असताना सॉफ्टवेअरही बदलू नये.

मोबाईलवरील प्रपत्रालाही आवृत्ती असते. समजा, जुलैमध्ये प्रपत्रात ‘प्रति चूड तुडतुडे’ असा रकाना होता आणि ऑगस्टमध्ये तो ‘पाच चुडांवरील एकूण तुडतुडे’ असा केला. काही निरीक्षकांच्या मोबाईलवर जुने प्रपत्र राहिले, काहींकडे नवे आले. आता ‘१५’ हा आकडा एकीकडे धोक्याची घंटा आहे, तर दुसरीकडे प्रति चूड केवळ ३. प्रत्येक नोंदीसोबत प्रपत्राचा आवृत्ती क्रमांक साठवला असेल, तरच हे दोन्ही वेगळे ओळखता येतील.

तक्रार कशी लिहावी

‘सॉफ्टवेअर चालत नाही’ ही तक्रार ‘पिकावर काहीतरी पडले आहे’ या तक्रारीसारखीच आहे. तिच्यावरून कोणालाही निदान करता येत नाही. चांगल्या नोंदीत पाच गोष्टी असाव्यात : सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती, संगणक किंवा मोबाईलची प्रणाली, काय केले, त्याच्या क्रमवार पायऱ्या, काय अपेक्षित होते, आणि प्रत्यक्षात काय घडले. सोबत दोष पुन्हा दाखवता येईल असा लहानात लहान नमुना द्यावा. या लेखाच्या आरंभीच्या पाच नोंदी हा असाच नमुना आहे. पाच हजार ओळींचे पत्रक पाठवण्यापेक्षा पाच ओळी पुरेशा ठरतात.

नोंदवही सार्वजनिक असते, हे विसरू नये. शेतकऱ्याचे नाव, मोबाईल क्रमांक, गट क्रमांक किंवा शेताचे अचूक स्थान असलेले पत्रक तेथे कधीही जोडू नये. काल्पनिक आकडे घालून नमुना तयार करावा. नवी नोंद करण्यापूर्वी जुन्या नोंदी शोधाव्यात. तोच दोष आधीच नोंदला गेला असेल, तर तेथेच आपली आवृत्ती आणि अनुभव जोडावा. अनेक प्रकल्पांत काम करणारे लोक स्वयंसेवक असतात. नोंद केली म्हणजे दुरुस्ती झालीच, असे नाही. मात्र नोंदच नसेल तर दुरुस्तीची शक्यता जवळजवळ उरत नाही.

इंग्रजीची अडचण असल्यास तक्रार आधी मराठीत नीट लिहावी. कृषी विज्ञान केंद्रातील किंवा विद्यापीठातील एखाद्या जाणकाराने अशा तक्रारी एकत्र करून मूळ प्रकल्पाकडे पाठवाव्यात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. सुरुवातीसाठी ते उपयुक्त आहेत.

हंगामापूर्वी करावयाची कामे

- वापरात असलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा, प्लगइनचा आणि प्रपत्राचा आवृत्ती क्रमांक व दिनांक एका वहीत लिहावा. सर्व निरीक्षकांकडे एकच आवृत्ती असावी.
- आवृत्ती बदलायची असल्यास पेरणीपूर्वी बदलावी. बदलसूची वाचावी आणि गेल्या वर्षीच्या नोंदी नव्या आवृत्तीत घालून उत्तर तेच येते का, हे पाहावे.
- कीड आढळली नाही तर ० लिहावे. निरीक्षणच झाले नाही तर रकाना रिकामा ठेवावा. संख्येच्या रकान्यात शब्द लिहू नयेत.
- दर आठवड्याला किमान एका शेताची सरासरी हाताने काढून संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहावी.
- आढळलेला प्रत्येक दोष, तो कितीही किरकोळ वाटला तरी, दिनांकासह स्थानिक वहीत नोंदवावा.

यातील तिसरा मुद्दा सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित. आरंभीच्या उदाहरणात ‘नाही’ च्या जागी रिक्त मूल्य धरून ते वगळले, तर चार चुडांची सरासरी १३.७५ येते, शून्य धरले तर ११. जुन्या आवृत्तीतील चुकीच्या रूपांतराने ती ३ आली होती. बांधी एकच, पाच चूडही तेच, तुडतुडेही तेच. उत्तरे मात्र तीन. यांपैकी कोणते खरे, हे बांधीत उतरून मोजणारा निरीक्षकच ठामपणे सांगू शकतो, आणि तेही त्याने शून्य शून्यासारखे लिहिले असेल तरच.